किती आहे आणि कुठे जाणार

पालघर जिल्ह्यातल्या घिवलीच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत बोंबील वाळत असतात, बांबूच्या आडव्या काठ्यांवर, दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून टांगलेले. ताज्या बोंबिलाच्या वजनात जवळजवळ ९० टक्के पाणीच असतं, म्हणून तर तो हातात लिबलिबतो. कोरडा वारा मिळाला की काही दिवसांत त्याची काडी होते. इथवर कोणाला कोडं पडत नाही. माशात पाणी पुष्कळ, हवेत थोडं, म्हणून ते माशातून हवेत गेलं. आता हीच काडी जुलैच्या दमट हवेत उघडी ठेवा. ती मऊ पडते, वास बदलतो, चार दिवसांत बुरशी धरते. पाणी परत आलेलं असतं. पण आलं कुठून? ३० अंश सेल्सियसच्या, ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत एका घनमीटरला जेमतेम २७ ग्रॅम वाफ असते. वाळलेल्या बोंबिलात किलोमागे दीड-दोनशे ग्रॅम पाणी शिल्लक असतंच. म्हणजे पाणी जिथे थोडं होतं तिथून निघून जिथे जास्त होतं तिथे गेलं.

जास्तीकडून कमीकडे हा नियम मोडला असं वाटतं. खरं तर तो नियम कधी नव्हताच. एकाच प्रकारच्या माध्यमात, म्हणजे हवेतून हवेत किंवा पाण्यातून पाण्यात, तो बहुतेक वेळा बरोबर निघतो, आणि आपल्या अंगवळणी पडतो. माध्यम बदललं की तो फसवतो. पदार्थ कुठून कुठे जाणार हे ठरवणारी राशी वेगळी आहे. तिचं नाव केमिकल पोटेन्शियल, आणि तिचंच जास्त हाताळण्याजोगं रूप म्हणजे फ्युगॅसिटी. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला दोन्ही भेटतात ती परीक्षेपुरती. एक आंशिक अवकलनाच्या चिन्हात दडलेली, दुसरी 'खऱ्या वायूंसाठीची दुरुस्ती' म्हणून. मग तो पदवी घेऊन बोईसरला एखाद्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागतो आणि सांडपाण्याचे आकडे भरू लागतो, तेव्हा या दोन राशींचा त्या आकड्यांशी काही संबंध आहे असं त्याला कोणी सांगत नाही. संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या प्रदूषणाबद्दलचं आपलं सगळं मोजमाप, सगळे दंड आणि सगळं भांडण 'किती' या एका प्रश्नाभोवती फिरतं. तो प्रश्न जबाबदारी ठरवायला पुरेसा असेल. समुद्राचं काय होणार हे कळायला तो अपुरा आहे.

आधी राशी समजून घेऊ. जोसाया विलार्ड गिब्ज हा येल विद्यापीठातला अबोल प्राध्यापक. १८७५ ते १८७८ या काळात त्याने कनेक्टिकट अकॅडमीच्या नियतकालिकात सुमारे तीनशे पानांचा एक निबंध हप्त्याहप्त्याने छापला. कमी खपाचं नियतकालिक, अवघड गणित. वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला एक मात्र जेम्स क्लार्क मॅक्सवेल होता, हे गिब्जचं भाग्य. या निबंधात गिब्जने विचारलं ते असं: एखाद्या मिश्रणात एका पदार्थाची चिमूट आणखी टाकली, तर त्या मिश्रणाची ऊर्जा कितीने बदलते? दर मोलमागचा हा बदल म्हणजे त्या पदार्थाचं तिथलं पोटेन्शियल. दोन माध्यमं एकमेकांना टेकली की पदार्थ जास्त पोटेन्शियलकडून कमी पोटेन्शियलकडे सरकतो, आणि दोन्हीकडे ते सारखं झालं की सरकणं थांबतं. उष्णतेच्या बाबतीत हे आपण मुकाट मान्य करतो. लाल तापलेला खिळा बादलीभर कोमट पाण्यात टाकला तर उष्णतेचा साठा बादलीत कितीतरी जास्त असतो, तरी उष्णता वाहते ती खिळ्याकडून, कारण दिशा तापमान ठरवतं, साठा ठरवत नाही. पदार्थासाठी तापमानाच्या जागी केमिकल पोटेन्शियल ठेवायचं, एवढंच गिब्जचं म्हणणं.

बोंबिलाचं कोडं यात सुटतं. वाळलेल्या माशातलं उरलंसुरलं पाणी प्रथिनांना आणि क्षारांना बांधलेलं असतं; प्रमाणाने जास्त, पण निसटायला नाखूष. पावसाळी हवेतली वाफ थोडी, पण संपृक्ततेच्या काठावर आलेली. मीठ लावलेल्या माशात हे आणखी स्वच्छ दिसतं. मिठाच्या संपृक्त द्रावणावर पाण्याचा वाफदाब शुद्ध पाण्याच्या ७५ टक्केच असतो, आणि तापमान बदललं तरी हा आकडा फारसा हलत नाही. म्हणून हवेची आर्द्रता ७५ च्या खाली असेल तर मीठ कोरडं राहतं, वर गेली की पाझरतं. वसई-पालघर पट्ट्यातल्या मिठागरांचा हंगाम, मीठ भरून ठेवलेल्या बरणीचं तोंड आणि खाऱ्या बांगड्याचं टिकणं या तिन्ही गोष्टी त्या एका आकड्याला बांधलेल्या आहेत. अन्न नासवणारे बहुतेक जीवाणू अन्नातल्या पाण्याच्या वाफदाबाची ही टक्केवारी ९० च्या खाली गेली की वाढत नाहीत; बहुतेक बुरशा ८० च्या खाली थांबतात. जीवाणूला माशात पाणी किती आहे याच्याशी देणंघेणं नसतं. ते पाणी त्याच्या पेशीत यायला तयार आहे का, एवढंच त्याला लागतं. अन्नतंत्रज्ञानाने ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्यात मान्य केली आणि 'पाण्याची टक्केवारी' बाजूला ठेवून 'वॉटर ॲक्टिव्हिटी' मोजायला सुरुवात केली. पर्यावरणाच्या कायद्याने ती पायरी अजून ओलांडलेली नाही.

गिब्जच्या राशीत एक गैरसोय आहे. ती पदार्थाच्या प्रमाणाच्या लॉगरिदमने बदलते, त्यामुळे प्रमाण शून्याकडे जाऊ लागलं की ती उणे अनंताकडे धावते. कागदावर हे चालतं, हिशेबात त्रास देतं. १९०१ मध्ये गिल्बर्ट न्यूटन लुइस या पंचविशीतल्या अमेरिकन रसायनज्ञाने त्यावर तोड काढली. त्याने दाबाच्या एककात मोजता येईल अशी एक राशी घेतली, जी विरळ वायूत नेमकी दाबाएवढीच असते आणि इतर सर्व परिस्थितींत त्या पदार्थाची निसटून जाण्याची ओढ किती हे सांगते. हीच फ्युगॅसिटी. पदार्थ नसेल तर शून्य, दुप्पट असेल तर सहसा दुप्पट; हिशेबाला सोपी. दाब वाढला की ती दाबापासून फारकत घेते. ३०० अंश सेल्सियसला पाणी उकळतं तेव्हा वाफेचा दाब सुमारे ८६ बार असतो, पण फ्युगॅसिटी सुमारे ६७ बार. रेणू एकमेकांना इतके जवळ आलेले असतात की ते एकमेकांना धरून ठेवतात, आणि दाबमापक दाखवतो त्यापेक्षा त्यांची सुटण्याची ओढ कमी भरते. उकळत्या पाण्यात आणि वरच्या वाफेत मात्र ती सारखीच असते. उकळणं म्हणजेच तो सारखेपणा.

घिवलीत बसून हा आकडा परका वाटू नये. शेजारच्या तारापूर अणुवीज केंद्राच्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्याच जातीच्या, सुमारे ७० बार दाबाखाली पाणी उकळवण्यासाठी बांधलेल्या. त्यांच्या नंतर २००५ आणि २००६ मध्ये उभ्या राहिलेल्या ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात, आणि जवळजवळ शुद्ध जड पाणी जगात पहिल्यांदा वेगळं केलं ते याच लुइसने, १९३३ मध्ये, बर्कलीला. जड पाण्याची निसटण्याची ओढ साध्या पाण्यापेक्षा थोडी कमी आहे, ते १०१.४ अंशांना उकळतं. लुइसने ते विद्युत-अपघटनाने मिळवलं, म्हणजे समतोलाच्या नव्हे तर वेगाच्या फरकावर, हा एक गमतीचा भाग. आपल्याकडे अलिबागजवळ थळला जड पाण्याचा जो कारखाना आहे तो मात्र समतोलावर चालतो: द्रव अमोनिया आणि हायड्रोजन वायू एकमेकांतून जाऊ दिले की ड्यूटेरियम अमोनियात थोडं जास्त जमतं. किती जमणार हे दोन्हीकडचं पोटेन्शियल सारखं होण्यावर ठरतं. थोडक्यात, या किनाऱ्यावर अब्जावधी रुपयांचं तंत्रज्ञान फ्युगॅसिटीच्या बारीक फरकांवर उभं आहे. तिथले अभियंते तिच्यावाचून एक दिवस काढू शकणार नाहीत. कुंपणाबाहेरच्या समुद्राची चर्चा सुरू झाली की मात्र तीच राशी कोणाच्या तोंडी येत नाही.

समुद्राकडे वळताना पहिलं उदाहरण ऑक्सिजनचं घेतो, कारण त्याचा आकडा मच्छीमार संस्थांच्या निवेदनांतही असतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला इतके मिलिग्रॅम, असा तो आकडा. १० अंशांच्या गोड्या पाण्यात हवेशी समतोल झाल्यावर सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या गोड्या पाण्यात सुमारे ७.५, आणि ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.२. तीन आकडे वेगळे, पण तिन्ही ठिकाणी ऑक्सिजनची फ्युगॅसिटी एकच, हवेत आहे तीच, सुमारे ०.२१ वातावरण. कल्ल्यातून रक्तात ऑक्सिजन ढकलला जातो तो या ०.२१ च्या जोरावर. तेव्हा लिटरला ६.२ मिलिग्रॅम हा आकडा घिवलीच्या समुद्रात 'काठोकाठ भरलेलं पाणी' सांगतो, आणि तोच आकडा हिमाचलातल्या ओढ्यात 'गुदमरलेलं पाणी' सांगतो. आकड्याला माध्यम आणि तापमान जोडल्याशिवाय अर्थ नाही. समुद्राला तापमानाची आणखी एक खोच आहे. वीज केंद्राचं थंड करण्याचं पाणी समुद्रात परततं ते कोमट होऊन. कोमट पाण्यात फ्युगॅसिटी तीच राहते, पण तिच्या मागचा साठा घटतो, आणि त्याच वेळी माशाची भूक वाढलेली असते. म्हणजे 'किती' हा प्रश्न इथे निरुपयोगी नाही. तो दुसऱ्या प्रश्नाच्या मागून विचारायचा आहे.

आता नवापूरकडे. घिवलीच्या दक्षिणेला, याच किनारपट्टीवर, तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी समुद्रात सोडलं जातं. वसाहतीत हजारावर कारखाने. औषधं, रंग, त्यांची मधली रसायनं, कापड, पोलाद. सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता बराच काळ दिवसाला अडीच कोटी लिटर होती, येणारं पाणी त्याहून जास्त. २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादाकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखाने आणि प्रक्रिया केंद्र मिळून सुमारे १६० कोटी रुपयांची भरपाई ठरवली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मध्यंतरी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं. मच्छीमारांनी चिकाटीने हा लढा दिला, आणि त्यात त्यांना लागणारं हत्यार 'किती' हेच होतं: किती लिटर, किती मिलिग्रॅम, परवानगीपेक्षा किती जास्त. न्यायालयात फ्युगॅसिटी घेऊन कोणी गेला असता तर हात हलवत परत आला असता. कोणी किती टाकलं हे किलोतच सांगावं लागतं.

पण ज्या आकड्यावर सगळं अडतं तो पाहा. सी.ओ.डी., म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, लिटरला २५० मिलिग्रॅम. हा आकडा रेणूंची नावं पुसून टाकतो. एका पाण्यात व्हिनेगरचं आम्ल आहे आणि दुसऱ्यात क्लोरिन असलेले तेलकट अरोमॅटिक रेणू आहेत, आणि दोन्हींचा सी.ओ.डी. २५० आहे, तर कायद्यासाठी दोन्ही सारखी. पिरिडिनसारखं द्रव्य तर या चाचणीत धड पकडलंही जात नाही, कारण चाचणीतला डायक्रोमेट त्याला फारसं जाळू शकत नाही. समुद्रात पडल्यावर त्या दोन पाण्यांच्या वाटा पार वेगळ्या होतात. व्हिनेगरचं आम्ल पाण्यात सुखाने राहतं आणि जीवाणू ते खाऊन टाकतात. क्लोरोबेंझिनसारखा रेणू पाण्यात अस्वस्थ असतो. त्याला पाण्यातून बाहेर पडायचं असतं आणि जिथे सामावण्याची क्षमता जास्त तिकडे तो जातो: थोडा हवेत, थोडा गाळातल्या सेंद्रिय भागात, थोडा माशाच्या चरबीत.

हे मोजायची रीत १९७९ मध्ये टोरंटोच्या डोनाल्ड मॅके या रासायनिक अभियंत्याने मांडली. मॅकेने फ्युगॅसिटी कारखान्याच्या भट्टीतून उचलली आणि तलावात नेऊन ठेवली. प्रत्येक माध्यमाला, हवा, पाणी, गाळ, मासा, त्या-त्या रसायनासाठी एक सामावण्याची क्षमता असते. रसायनाचं प्रमाण म्हणजे ही क्षमता गुणिले फ्युगॅसिटी. चरबीची क्षमता पाण्याच्या दहा हजार पट असणारी रसायनं मुळीच विरळा नाहीत. अशा रसायनाचं पाण्यातलं प्रमाण लिटरला एक मायक्रोग्रॅम असेल आणि समतोल झाला असेल, तर चरबीत किलोमागे सुमारे १० मिलिग्रॅम असणार. पाण्याच्या नमुन्यात आकडा यंत्राच्या तळाशी रेंगाळतो, चरबीत तो ओरडतो, आणि दोन्हीकडे फ्युगॅसिटी तीच.

यातून मासे तपासण्याच्या पद्धतीवरही एक शंका उभी राहते. बोंबील हा अगदी कमी चरबीचा मासा, शेकडा एक-दोन. पाला भरपूर चरबीचा, शेकडा दहाच्या पुढे. एकाच पाण्यात, एकाच फ्युगॅसिटीला, पाल्याच्या मांसात अशा रसायनाचं प्रमाण बोंबिलाच्या कितीतरी पट निघेल. बोंबील तपासून 'मर्यादेत आहे' असं लिहिलं तर ते बोंबिलाबद्दल खरं आणि समुद्राबद्दल भ्रामक ठरेल. चरबीच्या दर ग्रॅममागे आकडा काढला तर दोन्ही मासे जवळपास एकच साक्ष देतील.

मोठ्या माशात गोष्ट याच्याही पुढे जाते. लहान मासे खाणाऱ्याच्या शरीरात अशा रसायनाची फ्युगॅसिटी पाण्यातल्यापेक्षाही वर चढलेली सापडते. हे पाहून प्रथम वाटतं, गिब्जचा नियम जीवसृष्टीने मोडला. मोडलेला नाही. आतड्यात अन्नातली चरबी पचते, शोषली जाते, म्हणजे रसायन ज्यात विरघळलं होतं ते माध्यमच नाहीसं होतं. रसायन तेवढंच, सामावणारी जागा कमी, त्यामुळे आतड्यात त्याची फ्युगॅसिटी वाढते आणि ते शरीरात ढकललं जातं. प्रत्येक घोट उतारावरूनच गेलेला असतो. फक्त उताराचा माथा पचनाने तयार केलेला असतो. अन्नसाखळीत विष वाढत जातं हे वाक्य शाळेच्या पुस्तकात असतं, त्याचं यंत्र हे आहे.

या किनाऱ्यावर अणुवीज केंद्राची धास्ती जुनी आहे, आणि आंधळी म्हणून ती झटकून टाकावी असं मी म्हणणार नाही. पण फ्युगॅसिटीच्या नजरेने पाहिलं तर भीतीची वाटणी बदलते. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत तयार होणारा ट्रिटियम बहुतांशी पाण्याच्याच रेणूत बसलेला असतो. असं पाणी साध्या पाण्याबरोबर येतं आणि जातं. चरबीकडे त्याचा विशेष ओढा नाही. त्याचं मोजमाप पाण्यात करणं म्हणूनच रास्त आहे. चरबीकडे धावणाऱ्या सेंद्रिय रसायनांचं मोजमापही आपण मुख्यतः पाण्यातच करतो, आणि तिथे तीच पद्धत चुकीच्या खिडकीतून डोकावण्यासारखी ठरते.

यावर अनुभवी अभियंता म्हणेल, हे सगळं समतोलाचं शास्त्र आहे आणि समुद्र कधी समतोलात नसतो. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा सगळं ढवळते, पावसाळा तळ उपसतो. आक्षेप खरा आहे. थर्मोडायनॅमिक्स दिशा सांगतं, वेळ सांगत नाही. दुसरा आक्षेप याहून बळकट: पारा, शिसं, क्रोमियम यांचे क्षार वाफ होऊन उडत नाहीत, त्यांना फ्युगॅसिटी लावायची कशी? मॅकेलाही ही अडचण मान्य होती. अशा पदार्थांसाठी पाण्यातल्या ॲक्टिव्हिटीवर आधारलेली समांतर राशी पुढे वापरात आणली गेली. तिसरी गोष्ट मीच जोडतो. बारा-चौदा माध्यमांचं गणित संगणकावर मांडून त्यातून येणाऱ्या रंगीत नकाशांवर भोळा विश्वास ठेवणं हेही एक व्यसन आहे. माझं म्हणणं कायद्यात मिलिग्रॅमच्या जागी फ्युगॅसिटी लिहा असं नाही. ती लिहिली तर वकिलांची चंगळ होईल आणि मच्छीमाराचं नुकसान. म्हणणं इतकंच की नमुना कुठून घ्यायचा, कशाचा घ्यायचा आणि मिळालेल्या दोन आकड्यांची तुलना कशी करायची, हे तिला विचारून ठरवावं. दिशा कळली तरी पुष्कळ आहे. आज आपल्याला तीही कळत नाही.

आणि एका ठिकाणी तर हे शास्त्र थेट धोरणालाच हात घालतं. केमिकल पोटेन्शियल लॉगरिदमने बदलतं हे वर आलंच. २५ अंशांना एखादं द्रव्य दसपट विरळ केलं की त्याचं पोटेन्शियल मोलमागे ५.७ किलोज्यूलने उतरतं. लिटरला १० ग्रॅमवरून १ ग्रॅमवर आणलं तरी तेवढंच, एक मायक्रोग्रॅमवरून दशांशावर आणलं तरी तेवढंच. परत गोळा करायला किमान तेवढीच ऊर्जा. ही ऊर्जा खरं तर क्षुल्लक आहे. लिटरला एक मिलिग्रॅमवरून एक मायक्रोग्रॅमपर्यंत पातळ झालेलं क्लोरोबेंझिन मागे आणायला मोलमागे १७ किलोज्यूल, म्हणजे अर्धा ग्रॅम रॉकेलही पुष्कळ. तरीही कोणी ते करत नाही, कारण ऊर्जेबरोबर पाणीही उचलावं लागतं. एक मोल म्हणजे ११२ ग्रॅम क्लोरोबेंझिन. कारखान्याच्या आतल्या प्रवाहात ते, बहुतेक न विरघळलेल्या थेंबांच्या रूपात, लिटरला १० ग्रॅम असेल तर ते ११ लिटर पाण्यात आहे; एक माणूस हाताने उचलेल. लिटरला एक मिलिग्रॅम असेल तर एक लाख १२ हजार लिटरमध्ये. एक मायक्रोग्रॅम असेल तर ११ कोटी २० लाख लिटरमध्ये, म्हणजे त्या अडीच कोटींच्या प्रक्रिया केंद्राच्या जवळजवळ साडेचार दिवसांच्या एकूण पाण्यात.

सामुदायिक प्रक्रिया केंद्र ही कल्पना लहान कारखान्याच्या सोयीची, आणि विघटनशील सांडपाण्यासाठी ती चांगलीही आहे. पण शेकडो कारखान्यांचे निरनिराळे प्रवाह आधी एका नळीत मिसळायचे आणि मग त्यांतून वाईट ते वेगळं काढायला बसायचं, हा व्यवहार चरबीप्रेमी, न विघटणाऱ्या रसायनांच्या बाबतीत उफराटा आहे. मिसळणं फुकट होतं. वेगळं करणं कधीच फुकट होत नाही, आणि जितकं उशिरा तितकं महाग. अशा रसायनांचे प्रवाह कारखान्याच्या दारातच अडवले पाहिजेत, जिथे ते थोड्या पाण्यात आणि नावानिशी असतात. नळीत गेल्यावर ते निनावी होतात, आणि दंड शंभर जणांत वाटावा लागतो.

शेवटी लांब वाहिनीचा वाद. नवापूरहून सुमारे सात किलोमीटर समुद्रात नेणारी नवी वाहिनी म्हणजे प्रदूषणावरचा उपाय, असं एक बाजू म्हणते. आमच्या जाळ्यांच्या जागेवर घाण नेऊन टाकणार, असं मच्छीमार म्हणतात. विरळ केल्याने पाण्यातली फ्युगॅसिटी खाली येते, यात वाद नाही. डोल जाळी जिथे लागतात तिथला गाळ आणि तिथले मासे तिला किती प्रतिसाद देतील, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही: किनाऱ्याजवळ आणि खाड्यांच्या तोंडाशी वर्षानुवर्षं जो गाळ बसला आहे त्याचं काय? वाहिनी लांब गेली, किनाऱ्याचं पाणी निवळलं, की गाळातल्या रसायनाची फ्युगॅसिटी पाण्यातल्यापेक्षा वर राहते आणि उतार उलटतो. आजवर घेणारा गाळ देणारा होतो. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या महासरोवरांत हे घडलेलं आहे: पी.सी.बी. रसायनांवर बंदी आल्यावर काही वर्षांनी तलावांचं पाणी ती रसायनं परत हवेत सोडू लागलं. मोजणारे नसते तर हवेतल्या त्या रसायनाचा दोष भलत्याच्याच माथी गेला असता.

आणि हे मोजायला अणुवीज केंद्राएवढा खर्च लागत नाही. पॉलिथिनची पातळ पट्टी पाण्यात काही आठवडे टांगून ठेवली की चरबीप्रेमी रसायनं तिच्यात उतरत राहतात, पाण्यातली आणि पट्टीतली फ्युगॅसिटी सारखी होईपर्यंत किंवा तिच्या जवळ येईपर्यंत. जगभर ही पद्धत वापरात आहे. तिच्याआधी १९७० च्या दशकापासून शिंपल्यांकडून हेच काम करून घेतलं जात होतं, आणि कालवं-तिसऱ्या आपल्याकडेही आहेतच. पट्टीतलं रसायन काढून मोजायला चांगली प्रयोगशाळा लागते, पण टांगायला दोरी आणि होडी पुरते. एक पट्टी गाळात रोवायची, दुसरी तिच्यावर हातभर पाण्यात. घिवली, नवापूर, मुरबे आणि वाहिनीचं नवं टोक, चार जागा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. दोन पट्ट्यांपैकी गाळातली वर निघाली तर गाळ देतो आहे आणि लांब वाहिनीने किनारा लवकर सुधारणार नाही. पाण्यातली वर निघाली तर घाण अजून येतेच आहे, आणि तेव्हा नळीचं टोक हलवण्याआधी नळीत काय शिरतं याचा झडतीपंचनामा करावा लागेल.